पायगाडीवरून लोणावळ्यास

आमच्या घराच्या जिन्याखाली १९९३ सालापासून एक काळी सायकल उभी होती. तिच्या मागच्या चाकाचे आरे वाकलेले, सीटच्या चामड्यास भेगा गेलेल्या. तरी दर दसऱ्यास तिला झेंडूची माळ न चुकता पडे. ही सायकल माझ्या धाकट्या भावाची. त्या वर्षीच्या डिसेंबरात तो एकटाच लोणावळ्यास निघाला असता सोमाटण्याच्या अलीकडे एका मालमोटारीचा धक्का लागून रस्त्याच्या कडेस फेकला गेला. प्राण वाचले, परंतु उजवा पाय कायमचा आखूड झाला. त्या दिवसापासून आमच्या एकत्र कुटुंबात एक अलिखित नियम झाला, तो असा की, सायकल हा विषय पंगतीत काढावयाचा नाही.

तो नियम यंदा त्याच्याच मुलीने मोडला. बारावी उत्तीर्ण होऊन ती महाविद्यालयात जाऊ लागली. तिला स्कूटर घेऊन द्यावयाची असे सर्वांनी ठरविले होते. पैसेही बाजूस काढून ठेवले होते. ती म्हणाली, “मला स्कूटर नको. चार किलोमीटर तर जायचे आहे. मला सायकल द्या.” घरात तत्काळ दोन तट पडले. तिच्या आईने डोळ्यांस पदर लावला. माझ्या पत्नीने मुलीची बाजू घेतली. भाऊ मात्र एक शब्दही न बोलता ताटावरून उठला. शेवटी आमच्या आईने निकाल दिला. ती म्हणाली, “तुझ्या बापाचा रस्ता अर्धा राहिला आहे. काकाला बरोबर घे आणि तो पुरा करून ये. कुठे काय भय आहे ते डोळ्यांनी पाहा आणि मला सांग. मग ठरवू.” आमच्या घरात आईचा शब्द शेवटचा. साठी उलटलेल्या काकाची संमती कोणी विचारली नाही, हे सांगावयास नकोच.

आमच्या पुण्यास एकेकाळी ‘सायकलींचे शहर’ म्हणत, हे आजच्या मुलांस दंतकथेसारखे वाटते. जुन्या पिढीतील लोक तिला ‘पायगाडी’ म्हणत. रॅले, हंबर, बी.एस.ए. ही विलायती नावे तेव्हा घरोघर परिचयाची होती. पुढे सोनीपतची ‘ॲटलस’ १९५१ साली आणि लुधियानाची ‘हीरो’ १९५६ साली निघाली व सायकल कारकुनाच्या, शिक्षकाच्या आणि विद्यार्थ्याच्या आटोक्यात आली. सायकलीस बिल्ला लागे. रात्री दिव्यावाचून जाणाऱ्यास आणि डबलसीट बसविणाऱ्यास पोलिस अडवी. मुलगे दांड्याखालून पाय घालून ‘हाफ पायडल’ शिकत. १९२३ साली मुंबईचे काही पारशी तरुण सायकलीवरून जगाच्या प्रवासास निघाले; त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परत आले. आमच्या लोकांनी प्रदक्षिणा केली ती पेठांतून कचेरीपर्यंत आणि कचेरीतून पेठांपर्यंत. पण ती मात्र आयुष्यभर केली.

मग स्कूटर आली, १९७२ साली लूना आली, आणि सायकल म्हणजे ज्याला दुसरे काही परवडत नाही त्याचे वाहन, अशी समजूत हळूहळू मूळ धरू लागली. २०१८ साली पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली. शहराची लोकसंख्या तेव्हा सुमारे ३५ लाख धरली जात होती. म्हणजे माणसांहून गाड्या अधिक! त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ च्या अखेरीस, महानगरपालिकेने सायकलींसाठी एक सविस्तर आराखडा मंजूर केला, आणि मोबाइलने कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकलीही रस्त्यांवर आल्या. लोकांनी त्यांचे कौतुक केले. परंतु सायकली मोडल्या, चोरीस गेल्या, आणि थोड्याच काळात त्या योजना गुंडाळल्या गेल्या. ज्या मार्गिका सायकलीसाठी आखल्या त्यांवर मोटारी उभ्या राहिल्या, हातगाड्या लागल्या. कोठे मध्येच झाड, तर कोठे विजेचा खांब. सायकल परत आणावयाची तर नुसती सायकल आणून भागत नाही, हा धडा त्यातून मिळाला. तो प्रत्यक्ष कसा असतो, ते आम्हांस लोणावळ्याच्या रस्त्यावर कळावयाचे होते.

मार्गशीर्षातील एका शनिवारी पहाटे पाच वाजता आम्ही सदाशिव पेठेतून निघालो. पुतणीने मैत्रिणीकडून गिअरची सायकल मागून आणली होती. माझी मंडईपुरती वापरातली, गिअर नसलेली. पाठीवरच्या पिशवीत दशम्या, तिळाची चटणी, गूळ-शेंगदाणे आणि हवा भरण्याचा लहानसा पंप. दारात आई, माझी पत्नी आणि वहिनी उभ्या होत्या. भाऊ वरच्या खिडकीत होता. त्याने खाली येऊन काही सांगावे अशी मुलीची इच्छा असावी. पण तो आला नाही.

पुण्याहून लोणावळा जुन्या रस्त्याने सुमारे ६५ किलोमीटर, म्हणजे पूर्वीच्या हिशेबाने चाळीस मैल. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आणि लोणावळा सुमारे ६२० मीटर. तेव्हा ‘घाटमाथ्यावर जावयाचे म्हणजे केवढी चढण!’ ही कल्पना खोटी आहे. घाट आहे तो लोणावळ्याच्या पलीकडे. अलीकडे आहेत त्या चढउतारांच्या लाटा. एक ओलांडावी तो दुसरी समोर उभी. ज्याला घाई नाही त्याला हा रस्ता मुळीच जड नाही.

खडकी मागे टाकून हॅरिस पुलावरून मुळा ओलांडली तेव्हा अजून अंधारच होता. एकेकाळी याच पुलावरून खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे आणि १९५४ साली पिंपरीस स्थापन झालेल्या पेनिसिलिनच्या कारखान्याचे कामगार पाळीच्या वेळी शेकड्यांनी सायकली हाकीत जात. आता त्या वेळी आम्हांस भेटल्या त्या कंपन्यांच्या बसगाड्या, आणि रस्त्याच्या अगदी कडेने, दिव्यावाचून चाललेले पाच-सहा पहारेकरी व सफाई कामगार. सायकल शहरातून गेली असे आपण म्हणतो ते खरे नाही. ती आपल्या घरातून गेली. त्यांच्या घरात ती अजून आहे. फक्त आपण मोटारीच्या काचेतून पाहात असल्याने ती आपणांस दिसत नाही.

पिंपरी-चिंचवडमधून रस्ता विलक्षण रुंद होतो. रुंद रस्ता पाहून मला बरे वाटले. पण थोड्याच वेळात ध्यानी आले की, रस्ता जितका रुंद तितका वाहनांचा वेग अधिक, आणि वेग जितका अधिक तितकी सायकलस्वाराची छाती लहान. आकुर्डी आली. १९६० नंतर येथेच स्कूटरचा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि मध्यमवर्गाचे स्वप्न येथून बाहेर पडू लागले. त्या स्वप्नास नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. तीन वर्षे क्रमांक लावून मीही एक स्कूटर घेतली होती, आणि ती दारात आली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

निगडी सोडून देहूरोडला आलो तेव्हा पूर्वेस तांबडे फुटले. उजव्या हातास आत इंद्रायणीकाठी तुकोबांचे देहू. पुढे रस्त्यालगतच घोरावडेश्वराचा डोंगर आणि त्यात कोरलेली शेलारवाडीची लेणी. सूर्य पाठीमागून वर आला व आमच्या दोघांच्या लांबच लांब सावल्या रस्त्यावर पुढे धावू लागल्या. मुलगी हसून म्हणाली, “काका, सावलीला कसे ओलांडायचे?” ही सकाळची एक घटका मला जन्मभर आठवेल.

सोमाटणे जवळ आले तशी ती गप्प झाली. “बाबा कुठे पडले?” तिने विचारले. मी हाताने जागा दाखविली. तेथे आता ओळखीचे काहीच उरलेले नाही. दुकाने झाली आहेत, रस्ता रुंद झाला आहे. आम्ही उतरून पाणी प्यालो. इतक्यात एक मालमोटार आमच्या अंगावरून जावी इतक्या जवळून, भोंगा वाजवीत, धुळीचा लोट उडवीत गेली. माझे हातपाय कापू लागले. खोटे कशाला बोलू? “परत फिरू या का?” मी म्हणालो. तिने लगेच उत्तर दिले नाही. ती रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पाहात होती.

“काका,” ती म्हणाली, “रेघेच्या बाहेर वीतभर डांबर आहे आणि त्याच्या खाली खड्डा. रेघेच्या आत चालवली तर गाडीवाला रागावतो. बाहेर चालवली तर मी खाली जाते. मग या रस्त्यात आपली जागा कोणती?”

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. ती सायकलीवर बसली आणि पुढे निघाली. मीही मागोमाग निघालो. आईने पाहून येण्यास सांगितलेले भय आम्हांस सापडले होते. आणि ते सायकलीत नव्हते, त्या वीतभर डांबरात होते.

तळेगावचे नाव घेताच आमच्या पिढीस पैसा फंडाची आठवण होते. माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारावयाचा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना; तीतून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. एका पैशाने काय होणार असे म्हणणारे तेव्हाही होतेच. पुढे वडगाव. येथे १७७९ च्या जानेवारीत राघोबादादांस घेऊन पुण्याकडे निघालेल्या इंग्रज फौजेस महादजी शिंद्यांच्या सैन्याने कोंडले व तह करावयास लावले. त्याच मोहिमेत कार्ल्यास तोफेचा गोळा लागून पडलेल्या कॅप्टन स्ट्युअर्टास मराठ्यांनी ‘इष्टूर फाकडा’ म्हणून आपल्या आठवणीत ठेवले. शत्रूच्या शौर्याचेही कौतुक करणारी ही माती!

वडगावास माझ्या पुढच्या चाकातील हवा गेली. नाक्यावर पंक्चर काढणारा एक गृहस्थ होता. सायकलीची ट्यूब पाहून त्यास आनंदच झाला. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधता शोधता तो बोलू लागला. “रविवारी पुण्याकडून पुष्कळ येतात साहेब, टोप्या घालून. त्यांची एकेक सायकल लाखाची. पण त्यांचे पंक्चर ते स्वतःच काढतात. गावातली सायकल मात्र संपली. पूर्वी दूधवाले, शाळेतली पोरे, सगळे माझ्याकडे यायचे. आता पोरगा मोटारसायकल मागतो आणि पोरगी चालत जाते.” त्याने पंधरा मिनिटांत काम केले व सांगितलेल्या पैशांहून एक पैसाही अधिक घेतला नाही.

त्याचे शेवटचे वाक्य माझ्या मनातून जाईना. कान्हे फाट्याच्या पुढे त्याची सत्यता डोळ्यांनी दिसली. भाताची कापणी होऊन गेली होती. खाचरांत पिवळे बुडखे, बांधांवर पेंढ्यांच्या गंजी, आणि हवेत नव्या तांदळाचा वास. येथल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्रात निपजलेले ‘इंद्रायणी’ वाण १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आले आणि आज पुण्याच्या घराघरांत त्याचा वाफाळलेला भात असतो. त्या खाचरांच्या कडेने, गाड्यांची धूळ चुकवीत, निळ्या-पांढऱ्या पोशाखातील मुली दोघी-दोघी, तिघी-तिघी शाळेस चालल्या होत्या. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ अशा खोऱ्यांत हा तालुका पसरलेला. वाड्या दूरदूर आणि एस.टी. क्वचित. बिहार सरकारने २००६ साली नववीतल्या मुलींस सायकलीसाठी पैसे देण्यास आरंभ केला. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या त्या वयाच्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. आणि ही वाढ शाळा जेथे लांब होती त्या गावांतच मुख्यतः झाली. सायकल म्हणजे केवळ व्यायाम नव्हे, ती मुलीच्या पायातील शाळा आहे, हे बिहारने दाखविले. आपल्या शहरातील मंडळी सायकलीचे पुनरुज्जीवन म्हणजे रविवारचा छंद असे समजतात. परंतु खरा कस दूध, शाळा, बाजार आणि नोकरी या चार फेऱ्यांवर लागावयाचा आहे.

कामशेतची चढण मी पायी चढलो. पुतणी सायकलीवर बसून गेली आणि वर थांबून माझी वाट पाहात उभी राहिली. पवनानगरचा रस्ता डावीकडे गेला. त्याच बाजूस पुढे विसापूर व लोहगडाच्या कातळभिंती दिसू लागल्या. ज्यांनी हे गड मोटारीतून पाहिले असतील त्यांस ठाऊक नसेल की, सायकलीवरून ते किती वेळ आपल्याबरोबर चालतात. तासभर लोहगड आमच्या डाव्या खांद्याशी होता, आणि दर वळणास त्याचा विंचूकाटा निराळा दिसत होता.

कार्ल्याच्या फाट्यावर सायकली एका प्रसादाच्या दुकानदाराच्या हवाली करून आम्ही पायऱ्या चढलो. एकवीरेचे दर्शन घेतले आणि शेजारच्या चैत्यगृहात जाऊन बसलो. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे लेणे भारतातील चैत्यगृहांत सर्वांत मोठे. वरच्या सागवानी कमानी त्या काळच्याच, अजून जागच्या जागी आहेत. भिंतींवर व खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत : वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटाचे यवन, आणि तसेच कितीएक साधे लोक. हे सारे येथे का आले? कारण कोकणातील बंदरांतून देशावर जाणारा व्यापाराचा मार्ग बोरघाटाने येथूनच वर येई. म्हणजे ज्या रस्त्यावर पुतणीने ‘आपली जागा कोणती?’ असे विचारले, तो रस्ता दोन हजार वर्षे बैलांच्या आणि माणसांच्या पावलांनी चालत होता. पायी चालणाऱ्यांसाठी डोंगर कोरून विसावा देणारे लोक होते. आपण त्यांचे वारस, आणि आपणांस एक हात रुंदीची पट्टी सोडवत नाही!

दोन वाजता लोणावळ्यास पोचलो. एका स्नेह्यांच्या घरी उतरण्याचे ठरले होते. त्यांच्या मातोश्रींनी मुलीच्या पायांवर गरम पाणी घातले व आधी ताकभात, मग चौकशी, असा क्रम ठेवला. लोणावळ्याचे वर्णन काय करावे? चिक्कीची दुकाने, वळवणचे धरण आणि पावसाळ्यातील गर्दी ही सर्वांस परिचित आहेत. पण येथल्याच तलावांचे पाणी डोंगराखाली खोपोलीस सोडून १९१५ सालापासून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळू लागली, आणि येथेच १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी ‘कैवल्यधाम’ स्थापून योगाची शास्त्रीय तपासणी आरंभिली, या दोन गोष्टी मुलांस अवश्य सांगाव्या.

संध्याकाळी आम्ही खंडाळ्यापुढे राजमाची पॉइंटवर गेलो. समोर श्रीवर्धन व मनरंजन ही राजमाचीची जोडशिखरे, डावीकडे नागफणी, आणि खाली दरीत एकावर एक असे चार रस्ते. पुतणीस मी ते वयाच्या क्रमाने दाखविले. १८३० च्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर जॉन माल्कम याने खुला केलेला गाडीरस्ता. १८६३ साली पुरा झालेला लोहमार्ग. त्यानंतर मोटारींसाठी सुधारलेला महामार्ग. आणि २००२ साली पूर्णपणे सुरू झालेला द्रुतगती मार्ग. लोहमार्गाच्या कामावर एका वेळी चाळीस हजारांवर मजूर होते, आणि पटकीने व अपघाताने कितीतरी दगावले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात येताच वारला; तेव्हा त्याची विधवा ॲलिस हिने ठेका सोडला नाही, तज्ज्ञ इंजिनियरांच्या हातून काम शेवटास नेले. हे ऐकून मुलीचे डोळे चमकले. इंग्रजांस वाट दाखविणाऱ्या शिंग्रोबा धनगराची आख्यायिका तिला आधीच ठाऊक होती. त्याचे देऊळ घाटातच आहे आणि जाणारे-येणारे अजून तेथे नाणे टाकतात.

प्रत्येक नवा रस्ता जुन्याहून वेगाचा झाला, आणि दर वेळी हळू जाणाऱ्यास थोडे कडेस सरकावे लागले. द्रुतगती मार्गावर सायकलीस मज्जावच आहे, आणि तो योग्यही आहे. पण मग जुना रस्ता तरी तिचा असावा की नाही? मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हाच घाट सर्वांत आधी चढून येणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवीत. वर्षातून एक दिवस राजा, आणि उरलेले दिवस रस्त्यात जागा नाही, असे आमच्या सायकलस्वाराचे राज्य!

कोणी म्हणेल, युरोपातले लोक मुळातच सायकलीचे शोकी. तसे नाही. हॉलंडमध्येही युद्धोत्तर काळात मोटारींनी सायकलीस असेच हुसकावले होते. १९७१ साली तेथे रस्त्यांवर ३,३०० माणसे मेली, आणि त्यांत ४०० वर मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांची हत्या थांबवा’ ही त्यांची घोषणा होती. पाठोपाठ १९७३ साली तेलाची टंचाई आली आणि सरकारास जाग आली. सायकलीस वेगळी, सलग, अडथळा नसलेली वाट मिळाली. आज त्या देशात माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत. ही गोष्ट हवामानाने किंवा स्वभावाने झाली नाही. घराघरांतून उठलेल्या प्रश्नाने झाली. राजमाचीच्या कठड्याशी बसून मी हे पुतणीस सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “म्हणजे बाबा पडले तेव्हा आपण सायकल जिन्याखाली ठेवली, त्यांनी रस्ता बदलला.” मला उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगावयाचे तर, अजूनही सुचलेले नाही.

दुसऱ्या दिवशी परतीस उतार आमच्या बाजूचा होता. रविवार असल्याने समोरून सायकलस्वारांचे थवे येत होते. वैद्य, शिक्षक, सैन्यातून निवृत्त झालेले, कितीएक स्त्रियाही. त्यांतील एकदोघांशी चहाच्या टपरीवर बोलणे झाले. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करण्याची त्यांची कसोटी असते. तीनशे, चारशे, सहाशे अशा पायऱ्या चढून काही जण पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत जाऊन परत यावयाच्या १,२०० किलोमीटरांच्या, नव्वद तासांच्या यात्रेसही जातात. वडगावच्या त्या पंक्चरवाल्यामुळे माझ्या मनात या मंडळींविषयी थोडी अढी बसली होती. ती बोलताना गेली. ज्याला रविवारी या रस्त्याची भीती कळली, तो सोमवारी शाळेच्या मुलीच्या बाजूने बोलू शकेल. प्रश्न इतकाच, की तो बोलेल काय?

संध्याकाळी घरी पोचलो. आईने ‘किती दमलात?’ असे विचारले नाही. तिने विचारले, “भय कुठे कुठे होते?” मुलीने कागद काढला. तिने दोन्ही दिवस टिपणे केली होती हे मला तेव्हा कळले. सोमाटण्याची रेघ, निगडीचे वळण, दापोडीचा पूल. आणि त्याखाली दुसरी यादी : घरापासून महाविद्यालयापर्यंतचे चार किलोमीटर. त्यात गल्लीबोळांतून जाता येण्यासारखे तीन, आणि मोठ्या रस्त्याचा एक. त्या एकात एकच चौक अवघड. आईने तो कागद माझ्या भावाकडे दिला. त्याने चष्मा लावून तो दोनदा वाचला. “हा चौक नको,” तो म्हणाला, “मागच्या बोळातून देवळापाशी निघता येते. मी दाखवीन.” सायकलीविषयी तो आमच्याशी बोलला तो इतक्या वर्षांत प्रथमच.

दुसऱ्या दिवशी जिन्याखालची जागा रिकामी होती. भाऊ ती सायकल हाताने धरून, लंगडत, दुरुस्तीच्या दुकानी घेऊन गेला होता. नवे आरे, नवे टायर, पुढे-मागे दिवे, आणि सीट मुलीच्या उंचीस बसविलेले. ती आता रोज जाते. घरून निघताना आणि पोचल्यावर कळवावयाचे, अंधार पडल्यावर मोठ्या रस्त्याने यावयाचे नाही, आणि हेल्मेटावाचून उंबरा ओलांडावयाचा नाही, या आईच्या अटी. त्या अवघड चौकात सायकलीस व पायी चालणाऱ्यास वाट मिळावी म्हणून आमच्या वाड्यातील व शेजारच्या घरांतील एकेचाळीस सह्यांचा अर्ज आम्ही संबंधित कार्यालयात दिला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. दुसरा अर्ज लिहून तयार आहे.

वाचकांपैकी कोणास या वाटेने जावयाचे असल्यास दोन शब्द सांगतो. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. पावसाळ्यातील शनिवार-रविवार सर्वथा टाळावे. पहाटे लवकर निघून नऊच्या आत वडगाव गाठावे. पंप, एक जादा ट्यूब, पुरेसे पाणी आणि मागचा तांबडा दिवा यांवाचून निघू नये. लहान मुलांस संपूर्ण रस्ता नेऊ नये. कामशेतपर्यंत लोकलने जाऊन तेथून पवनेकडील आतले रस्ते धरले, तर बेडशाची लेणी, पाणी आणि भातखाचरे एका दिवसात सुखाने पाहून होतात. गाडीतून सायकल न्यावयाची असल्यास आधी स्टेशनवर चौकशी करावी. आणि घरी परतल्यावर, किती किलोमीटर झाले याबरोबरच, भय कोठे वाटले तेही एका कागदावर लिहून ठेवावे. अर्ज करताना तो कागद उपयोगी पडतो.